डावीकडून सायकल

लाँड्रीतली माणसं त्यांना वहिनी म्हणायची, गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची, आणि एकदा तर गडबडीत खुद्द नवऱ्यानेच "वहिनी, दोरी द्या" म्हटलं होतं. त्यावरून त्या आठवडाभर हसत होत्या. नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे. धुलाईचा धंदा दादांचा, व्हॅन दादांची, आणि हॉटेलांच्या चादरींची गाठोडी गावभर पोहोचवायचा मानही दादांचाच. वहिनी शेजारच्या सीटवर बसायच्या आणि बोलायच्या.

"डावीकडून सायकल. पुढे खड्डा. सिग्नल पिवळा झाला, आता लाल. बस थांबतेय, हळू." बघणाऱ्याला वाटायचं, काय ही बडबडी बाई, नवऱ्याचे कान किटले असतील बिचाऱ्याचे! अहो, कान किटायचे कुठले, त्या बडबडीवर तर गाडी चालायची. दादांच्या डोळ्यांतली नस सुकत चालली होती. गेलं ते परत यायचं नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. "त्यांना काय जातंय सांगायला?" दादा घरी येऊन म्हणाले. "मला दिसतंय. कडेचं जरा अंधूक आहे, तेवढं तू सांगत जा." आणि वहिनी सांगत गेल्या. चांगली बायको होत्या ना! ड्रायव्हर ठेवू या म्हटलं की दादा ताटावरून उठायचे, म्हणून तो विषयही त्यांनी सोडून दिला.

मग एका सकाळी वहिनींना शिंक आली. नुसती शिंक, दुसरं काही नाही. पण शिंकताना माणसाचे डोळे मिटतात आणि तोंडही कामात असतं. डोळे उघडले तर समोर रस्ता ओलांडणारी एक बाई, मध्येच थिजलेली. वहिनी किंचाळल्या, दादांनी ब्रेक दाबला, आणि व्हॅनचा आरसा बाईच्या पिशवीला लागून रस्ताभर टोमॅटो झाले. बाईला खरचटलंसुद्धा नाही. तिने दोघांचा यथेच्छ उद्धार केला आणि वहिनी खाली बसून टोमॅटो गोळा करत राहिल्या. "मध्येच आली," दादा म्हणाले. "लोक बघून चालतच नाहीत."

त्याच दुपारी वहिनींनी मोटार स्कूलमध्ये नाव घातलं.

दादांनी हसून मान हलवली. "तुला लायसन्स मिळू दे, किल्ली तुझ्या हातात देतो," असं ते म्हणाले खरं, पण हट्टी पोराला चंद्र आणून देतो म्हणावं तसं. वहिनींची नजर तयार होती, पाय मात्र ऐकेनात. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची. पहिल्या परीक्षेत त्यांनी गाडी मागे घेताना खांब पाडला आणि नापास झाल्या. त्या संध्याकाळी दादांनी स्वतः चहा केला, "होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस" म्हणाले, वर गुणगुणतही होते. वहिनींनी तो चहा तसाच बाजूला ठेवला. आपण नापास झालो याचा या माणसाला एवढा आनंद! पुढची शिंक कधी येईल, आणि तेव्हा समोर कोण असेल, हा विचार त्यांना रात्रंदिवस कुरतडत होता.

दुसऱ्या परीक्षेला दादांनीच व्हॅनमधून आणून सोडलं. वहिनी वाटभर बोलत होत्या. आरटीओ ऑफिसच्या फाटकाबाहेर गाडी उभी राहिली. तिथून त्या आत गेल्या आणि स्कूलच्या गाडीत बसल्या. शेजारी परीक्षा घेणारे साहेब येऊन बसले. चेहरा असा, की कोणी हसवलंच तर पगार कापला जाईल.

खांब झाले, चढ झाला, गाडी मागे घेऊन झाली. क्लचने कधी नव्हे ते शहाणपण दाखवलं. मग साहेब म्हणाले, "घ्या रस्त्यावर." आणि रस्त्यावर आल्याबरोबर वहिनींची जीभ आपोआप सुटली.

"डावीकडून सायकल. पुढे गतिरोधक. ते काठीवाले आजोबा खाली उतरतायत, त्यांचं लक्ष नाही."

"बाई, मला दिसतंय," साहेब म्हणाले.

"हो ना, तुम्हाला दिसतंय," वहिनी बोलून गेल्या, आणि मग त्यांनी जीभ चावली. "सवय आहे हो. माफ करा."

"कुणासाठी लागली ही सवय?"

तोंड घट्ट मिटून त्या चालवायला लागल्या, आणि वळणावर त्यांना हात दाखवायचंच सुचेना, मागून हॉर्न वाजला. बोलणं थांबलं की बघणंही थांबत होतं.

"बोला," साहेब म्हणाले. "बोलतच चालवा."

परत फाटकात आल्यावर साहेबांनी लगेच कागद पुढे केला नाही. "घरी गाडी कोण चालवतं?"

खोटं सांगावं तर ती टोमॅटोवाली बाई डोळ्यांसमोर उभी, खरं सांगावं तर दादा. "नवरा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू कोसळलं. "पण आजपर्यंतच. मला पास करा, साहेब. यापुढे नाही."

"पास आहातच तुम्ही. बोलत राहिलात की गाडी माझ्यासारखी चालवता," साहेब म्हणाले. "पण मी आता बाहेर चहा घ्यायला येतोय. तुम्ही आलात ती व्हॅन इथून कोण नेतं, ते मी बघणार आहे."

बाहेर दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. पावलं ओळखून त्यांनी तोंड वळवलं. "झालीस ना नापास? जाऊ दे गं, पुढच्या वेळी बघू."

"पास झाले."

दादांनी किल्लीवर हात ठेवला. "छान झालं," ते म्हणाले. "किल्ली घरी गेल्यावर देतो."

"इथेच द्या. आत्ता."

"रस्त्यात? लोकांसमोर?" दादांचा आवाज चढला. "केस काळे होते तेव्हापासून चालवतोय मी ही गाडी. तू मला शिकवणार?"

वहिनींनाही संताप आला. या माणसाला कसं सांगावं, कुठल्या भाषेत सांगावं! त्या वळसा घालून शेजारच्या सीटवर बसल्या, दार ओढून घेतलं आणि हात हँडब्रेकवर घट्ट धरून ठेवला. "बरं. चालवा मग तुम्हीच. मी नाही बोलणार."

दादांनी इंजिन सुरू केलं, गिअर टाकला आणि थांबले.

समोर बॉनेटपासून चार पावलांवर, लख्ख उन्हात, साहेब येऊन उभे राहिले होते. पांढरा शर्ट, हातात चहाचा ग्लास. ते सरळ दादांकडे बघत होते. दादाही सरळ त्यांच्याकडेच बघत होते.

"रस्ता मोकळा आहे ना?" दादांनी विचारलं.

वहिनींनी हँडब्रेक आणखी घट्ट धरला. पण बोलल्या नाहीत.

"अगं, बोल ना. मोकळाच दिसतोय मला."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला दिसतं तरी किती?"

दादांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात खाली मांडीवर घेतले.

"तू बोलतेस तेवढं," ते म्हणाले.

साहेब बाजूला झाले, तेही दादांना कळलं नाही. वहिनी उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि दादांच्या बाजूचं दार उघडून उभ्या राहिल्या. दादा सावकाश उतरले. बॉनेटवर हात फिरवत पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. वहिनी स्टिअरिंगसमोर बसल्या, पण पाय क्लचपर्यंत पोहोचेना. सीट पुढे कशी ओढायची तेच त्यांना माहीत नव्हतं. दादांनी वाकून हात खाली घातला, चाचपडत तो खटका शोधला, वहिनींची बोटं धरून त्यावर ठेवली आणि म्हणाले, "हा वर उचल, आणि पुढे सरक."