दातांची बरणी

जोलीन ऑस्टबीने गोळी झाडली आणि लगेच जीभ चावली. "कड्याच्या खाली कधी मारायचं नाही," हा तिच्या नवऱ्याचा, व्हर्जिलचा एकमेव नियम. पण शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता, आणि एल्कची, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाची, मादी खालच्या घळीत ओढ्याकाठी उभी होती. चांगली घोड्याएवढी. ती जागच्या जागी कोसळली.

जोलीनने आजवर रिकामे डबे सोडले तर कशावर नेम धरला नव्हता. शिकार व्हर्जिलची, आणि मांस कापणं, खिमा करणं, फ्रीजर भरणं तिचं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो दर शिकारीनंतर दारातच एल्कचे दोन सुळे तिच्या तळहातावर ठेवायचा. हस्तिदंतासारखे, गुळगुळीत. त्यांची बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत असे. उन्हाळ्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याने ती उचलून कपाटात मागे ढकलली. "संपलं आता," म्हणाला, आणि टीव्हीसमोर जो बसला तो बसलाच. जोलीनचं डोकंच फिरलं. पाय दुखतोय, मान्य. पण माझी बरणी कपाटात टाकणारा हा कोण? तिने परवाना स्वतःच्या नावाने काढला आणि त्याची बंदूक उचलली.

कड्यावर दीर क्लाइड दोन खेचरं घेऊन उभा होता.

"शाब्बास! जनावर पार पाताळात पाडलंस!" तो ओरडला. "माझी खेचरं त्या पडक्या झाडांतून उतरायची नाहीत, आणि माझी कंबरही."

"तुला कोणी बोलावलंय? तू वर बसून कॉफी पी."

ती उतरली. कातडं सोलताना वाफेने तिचे हात ऊबदार झाले. मागच्या पुठ्ठ्यांवर बोटभर जाड चरबी बघून ती एकटीच हसली. हिवाळाभराचं जेवण होतं ते, आणि तिने मिळवलेलं. मग पहिली तंगडी पाठीवर बांधली नि हसू पार मावळलं. बर्फाखाली ओंडके निसरडे झाले होते. ती उभी कमी आणि गुडघ्यांवर जास्त चढली. वर ओझं टाकायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा खाली. तिने एल्कला शिव्या घातल्या, व्हर्जिलला घातल्या, स्वतःला तर मनसोक्त घातल्या. दर खेपेला वाटायचं, आता बस्स. दर खेपेला ती उठायची.

शेवटचं ओझं खेचरावर चढलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. क्लाइडने दोर आवळला, आणि जोलीनला आठवलं. मुंडकं खालीच राहिलं होतं.

"दात राहिले," ती म्हणाली.

"अगं बाई, दात काय तळून खायचेत? अस्वलं रक्ताच्या वासावर येतात. व्हर्जिलला मी काय सांगू?"

"सांग, बायको खुळी आहे म्हणून. त्याला ठाऊक आहे."

आता पाय तिचं ऐकत नव्हते, म्हणून ती बरीचशी बसूनच घसरत गेली. आतड्यांवर बसलेले डोमकावळे जेमतेम बाजूला झाले. बोटं बधिर झाली होती. हिरडीत सुरी दोनदा सटकली. अखेर दोन्ही दात निघाले. ते गालफडात धरून ती चढली, कारण चढायला दोन्ही हात लागणार होते.

घरी व्हर्जिल वॉकर धरून दारातच उभा होता. क्लाइडचा फोन आधी पोचला होता.

"कड्याखाली मारलंस?"

"मारलं."

"मूर्ख बाई."

जोलीनने वॉकरवरचा त्याचा हात सोडवला, मूठ उघडली आणि दात तळहातावर ठेवले.

तो बराच वेळ त्यांवरून अंगठा फिरवत राहिला. डोळे भरले, ते त्याने लपवले नाहीत. मग वॉकर ठकठक करत कपाटाशी गेला, बरणी काखेत मारली आणि खिडकीत आणून ठेवली. दात आत टाकले.

"पुढच्या वर्षी कड्यावर मी बसणार," तो म्हणाला. "तू परत खाली मारशील, तेव्हा ओरडायला कोणीतरी हवं."