पाझर नावाचा डाव

मागच्या वर्षीच्या लग्नपत्रिका कापून मनकर्णाने पत्ते केले. निळा ठिपका म्हणजे पाणी, कोरा पत्ता म्हणजे खडक. गड्डी पालथी ठेवायची. आपल्या पाळीला बादली टाकली तर एक पत्ता उचलायचा, बोअर घेतला तर तीन. पाणी संपलं की जनावर मरतं, ठरलेल्या फेऱ्या झाल्या की पाऊस. सगळ्यांनी बादलीच टाकली तर गड्डी पावसापर्यंत पुरते. एकानेही बोअर घेतला तर पुरत नाही. अंबाजोगाईला भूशास्त्र शिकलेल्या मनकर्णाने एकटीने चौघांचे हात खेळून हे पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

गावच्या दूध सोसायटीची एकच विहीर होती. तिच्या शेजारी खोल बोअर घ्यायचं चेअरमन आप्पांच्या मनात होतं. त्याने विहिरीचा झरा खाली ओढला जाईल, हे मनकर्णाने नकाशा काढून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. तिच्या वडिलांच्या, सटवाच्या, दोन म्हशी त्याच विहिरीवर जगत होत्या. म्हणून हा खेळ.

सकाळी दुधाची गाडी गेल्यावर सोसायटीच्या ओट्यावर डाव मांडला. आप्पा, बद्रीनाथ, छबुबाई आणि सटवा बसले. बद्रीनाथने लागोपाठ बोअर घेतले आणि गड्डी पावसाआधीच संपली.

"मेल्या, माझी गाय मारलीस की!" छबुबाई म्हणाली.

"तू कावून बादली घेऊन बसलीस?"

दुसऱ्या डावात सगळ्यांनी बादली टाकली. एकही जनावर मेलं नाही. आप्पा उरलेल्या पत्त्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मनकर्णाला वाटलं, समजलं.

"पोरी, लई चांगला हाय खेळ," आप्पा म्हणाले. "पण ह्यात जिंकतं कोण?"

"कुणीच न्हाई, आप्पा. सगळे टिकतेत."

"मंग खेळायचं कशाला बे, सटवा?" म्हणत बद्रीनाथ उठला आणि देवाच्या फळीवरचा नारळ घेऊन आला. गावाला पाणी दाखवणारा पाणाड्या तोच. त्याने पत्ते ओट्यावर पसरले, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि हात हळूहळू फिरवला. एका जागी नारळ उभा राहिला. खालचा पत्ता निळा निघाला. सगळे ओरडले.

"काका, तीन पत्त्यांत एक निळाच हाय. डोळे झाकून उचलला तरी..."

"मंग नारळ खरंच बोलला की," आप्पा म्हणाले.

तिथून मंडळी नारळ घेऊन थेट विहिरीवर गेली. काठाशेजारी तो उभा राहिला. बैठकीत बोअरच्या ठरावाला सगळ्यांचे हात वर गेले. सटवाने एकदा लेकीकडे पाहिलं, मग त्यानेही हात उचलला.

"एकट्यानं खाली ठेवायचा व्हय? सोसायटीचं बिनविरोध असतंय," घरी तो एवढंच म्हणाला.

बोअरला पाणी लागलं, गुलाल उडाला. होळीपर्यंत विहिरीचा तळ उघडा पडला. मग बोअरही नुसती हवा फेकू लागला. म्हशी परळीच्या बाजारात गेल्या.

आता पाण्याच्या टँकरची वाट बघताना ओट्यावर तोच डाव चालतो. बादलीचा नियम कुणाला आठवत नाही. नारळाचा तेवढा राहिला. निळा निघाला की तो हातोहात फिरतो, म्हणून निळ्या पत्त्यांचेच कोपरे मळलेत, त्यामुळे नारळ सहसा चुकत नाही.

"ये पोरी, तुझी पाळी," काल सटवाने हाक मारली. त्याने तिच्या तळहातावर नारळ ठेवला. मळका कोपरा तिला स्पष्ट दिसत होता. मनकर्णाने हात त्यावर नेला आणि नारळ उभा केला.