घरचं सोयाबीन

काचेच्या भांड्यात भिजून टम्म फुगलेले दाणे, त्यांच्यावरून सुटून पाण्यावर आलेली पातळ सालं — पौर्णिमा त्या सालांकडेच बघत बसली होती, म्हणून माधवीताईंचं पहिलं वाक्य तिच्या कानांवरून गेलं. दुसरं मात्र आत गेलं आणि तिथंच बसलं.

"कच्चं सोयाबीन कधीही दळायचं नाही. आधी उकळत्या पाण्यात वीस मिनिटं, मग वाळवायचं, मग भाजायचं, मगच गिरणी. नुसती भाकरी शेकून भागत नाही. कच्च्या पिठातलं प्रोटीन नीट अंगी लागत नाही, उलट पोट बिघडतं."

बाळापूरच्या सभागृहात बचत गटांच्या चाळीसेक बाया सतरंजीवर बसल्या होत्या, ताई शिकवायला अमरावतीहून आल्या होत्या, आणि सगळ्या जणी खाली मान घालून वहीत उतरवून घेत होत्या. पौर्णिमाच्या पेनानं 'उकळत्या' एवढंच लिहिलं आणि ते थांबलं... वीस मिनिटं. तिनं दोन महिन्यांत एकदाही —

सासू भागीरथाबाई जाऊन आज तेवीस दिवस झाले होते. आतड्याचं ऑपरेशन झालं आणि अंग असं उतरलं की चोळीची बाही दंडावर गरगर फिरायची. प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, अंडी द्या, असं डॉक्टर म्हणाले. बाईंच्या गळ्यात माळ, अंड्याचं नाव निघताच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग सोयाबीनच्या वड्या द्या, म्हणाले. वड्या म्हणजे दुकानातलं पाकीट. पौर्णिमाला तेव्हा हसू आलं होतं — घरात पोत्यांची थप्पी लागलेली आणि सोयाबीन विकत आणायचं! वीस वर्षं त्यांच्या शेतातलं सोयाबीन मळणीयंत्रातून थेट बाजार समितीत जात होतं, चुलीपर्यंत कधी आलंच नव्हतं, त्यामुळं ते खायचं कसं हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. तिनं दाणे निवडले, उन्हं दाखवली, ज्वारीत मिसळून दळून आणले. हौसेनं केलं. खरंच, हौसेनं केलं.

"पोरी, हे पीठ मले पचून नाही राहिलं. पोटात पीळ पडते व."

"दवाई हाय असं समजा, आत्याबाई. खा."

पहिल्यांदा हे तिनं गोडीनं म्हटलं होतं. आठवड्यानं गोडी राहिली नव्हती. बाई दिवसातून चार-चारदा भिंत धरून मोरीकडे जायच्या, ताटातला घास चिवडत बसायच्या, आणि पौर्णिमाला वाटायचं, ताकद कमी पडतेय — म्हणून मुठीनं घालायची ते सोयाबीन ती वाटीनं घालू लागली. आणि ती एक दुपार... बाकीच्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्यात, ती तेवढी वेगळी उभी आहे. बाईंनी अर्धी भाकरी उशीखाली लपवली होती. पौर्णिमानं ती काढली, दुधात कुस्करली आणि चमच्यानं भरवली, बाई ओठ मिटत होत्या, ती हनुवटी धरत होती, दूध मानेवरून माळेपर्यंत ओघळलं होतं, आणि दारात उभी असलेली शेजारची सीमा म्हणाली होती, "पोटची लेक नाही करत एवढं!"

तीच सीमा आता सतरंजीवरून उठून उभी राहिली.

"ताई, आमच्या पौर्णिमानं सासूले दोन महिने सोयाच्याच भाकरी खाऊ घातल्या."

"अरे वा! या ना पुढं. सांगा सगळ्यांना, पीठ कसं करत होता?"

पौर्णिमा पुढं गेली. भांड्यातली सालं आता बुडाशी चालली होती.

"उकळून," ती म्हणाली. "मंग वाळवून... भाजून."

टाळ्या पडल्या. मी खोटं बोलले, तिच्या मनात आलं, आणि लाजेनं मेले नाही. उलट त्या टाळ्या ऐकून मला बरं वाटलं. पंधरा वर्षांत बाईंनी माझ्या हातच्या एका पदार्थाला कधी चांगलं म्हटलं नाही, आणि त्यांच्याच नावावर आज चाळीस जणी मला नावाजत होत्या.

परतीच्या ऑटोत ती स्वतःला समजावत राहिली. बाई पिठानं गेल्या नाहीत, आजारानं गेल्या. कोणताही डॉक्टर हेच सांगेल. पण ते दोन महिने पोटात जे पिळवटत होतं, त्यातलं आजाराचं किती आणि माझ्या हातचं किती? आणि त्या तर सांगत होत्या... रोज सांगत होत्या. मला माहीत नव्हतं, हे खरं. मी ऐकलं नाही, हेही खरं. आणि हनुवटी धरताना बोटांत जो जोर आला होता, तो सगळा मायेचाच होता का — इथं येऊन तिचा विचार अडायचा, मागं फिरायचा, पुन्हा इथंच यायचा.

संध्याकाळी किशोर, तिचा नवरा, अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. तिनं चहा आणून दिला.

"सीमावहिनी सांगत होती, तुयं लय नाव झालं म्हणे बाळापुरात."

ती पायरीवर टेकली.

"आई आखरीले कटकट करे. पीठ पचत नाही, पीठ पचत नाही... नखरे होते तिचे. तू मनावर नोको घेऊ. तू केलं तेवढं कोणी करत नाही."

नखरे. म्हणजे या घरात बाई आता अशाच उरणार होत्या, सुनेच्या मायेला नावं ठेवणाऱ्या, उगाच कण्हणाऱ्या. आणि त्या खरं बोलत होत्या हे या जगात एकट्या तिलाच माहीत होतं.

"त्यायचं पोट खरंच दुखे," ती म्हणाली.

"दुखनच ना. बिमारीच तशी होती." किशोरनं मान वर न करता पंपाच्या नळीत फुंकर मारली.

नाही, बिमारीनं नाही, पिठानं — शब्द जिभेपर्यंत आले. किशोर दोन हातांवर होता, तिनं हळू म्हटलं असतं तरी त्याला ऐकू गेलं असतं. पण तिला वाटलं, पोट दुखे एवढं म्हटलं, म्हणजे सांगून तर झालंच की आपलं. छातीवरचं काहीतरी उतरलं, श्वास मोकळा झाला... आणि त्या मोकळेपणाचीच तिला एकदम भीती वाटली, कारण किशोरच्या लेखी पिठाबाबत भागीरथाबाई अजून खोट्याच होत्या.