करारात नसलेला शब्द

प्रयागबाईंनी हात वर केला, तसं अरुंधतीबाईंचं वाचन थांबलं.

प्रतापनगरच्या वाचनालयात पंधरा-वीस बाया सतरंजीवर बसल्या होत्या. बायकांच्या हक्कांचा एक करार जगातल्या देशांनी केला होता आणि गेल्याच महिन्यात, जुलै ऐंशीत, आपल्या सरकारनंही त्यावर सही केली होती. कॉलेजात शिकवणाऱ्या अरुंधतीबाई तो मराठीत करून वाचत होत्या.

“बाई, त्यात मारहाणीचं काई लिवलं हाये का?”

अरुंधतीबाईंनी कागद पहिल्यापासून चाळले.

“लग्नात दोघांना सारखे हक्क, असं आहे. पण मारहाण हा शब्द कुठंच नाही.” मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “यजमान मारतात का?”

“ते जाऊन वीस वर्सं झाली,” म्हणत प्रयागबाई उठल्या.

घरी सून प्रेमिला डाव्या हातानं पोळ्या लाटत होती. उजवं मनगट सुजलं होतं. प्रयागबाईंचा एकुलता एक मुलगा ताराचंद मिलमध्ये पाळीवर गेला होता. तो बायकोवर हात उचलू लागला की प्रयागबाई मागच्या अंगणात भांडी घासायला बसत. चार वर्षं हेच चाललं होतं.

त्यांनी पोळपाट बाजूला सारला.

“कपडे भर वं. तुह्या माहेरी चाललो आपण.”

भिवापूरला माहेरच्या दारात प्रेमिलानं त्यांचा हात धरला.

“तुमी बी राहा ना, आई.”

“मी त्याची माय हाये वं,” म्हणून त्या परतीच्या बसकडे वळल्या.

संध्याकाळी ताराचंद ओरडला, “काहून पोचवली तिले?”

“चार वर्सं ऐकलं. आता नाई ऐकवत.”

आठवड्याभरात तो पेटी उचलून दुसरीकडे राहायला गेला. रस्त्यात दिसला तरी मान वळवी. घरात बोलायला कोणी उरलं नाही; कणीक मात्र कितीतरी दिवस तिघांची मळली जायची.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेमिलानं ताराचंदवर भरलेला मारहाणीचा खटला उभा राहिला. कोर्टाच्या व्हरांड्यात ताराचंद समोरच्या बाकावर बसला होता. गालफडं बसली होती. प्रयागबाई न राहवून त्याच्यापाशी गेल्या.

“जेवला का गा?”

तो बाहेर आवाराकडे पाहत राहिला.

इतक्यात साक्षीसाठी त्यांच्या नावाचा पुकारा झाला. दाराशी शिपायानं विचारलं, “मुलाकडून का, आई?”

“सुनेकडून,” प्रयागबाई म्हणाल्या, आणि देवळात काढावी तशी चप्पल उंबऱ्याशी काढून आत गेल्या.