आत सोडलेलं कापड

एक जानेवारीला माझ्या दुकानात माणसं पोट आत ओढून येतात. मी शिंपी आहे, चाळीस वर्षं हेच बघतोय. त्या दिवशी कोणी आहे त्या मापाची पॅन्ट शिवायला टाकत नाही. पुढे जो माणूस होणार, त्याच्या मापाची टाकतात.

यंदा पहिले आले बँकेतले कॅशियर. श्वास कोंडून उभे राहिले, तरी टेपवर अडतीस.

"चौतीस लिहा," ते दातांतून म्हणाले. "एप्रिलपर्यंत उतरवतो."

"मग एप्रिलमध्येच या ना."

"छे हो! आधी पॅन्ट, मग इच्छाशक्ती. आत्ताच चौकातून चार फेऱ्या मारून येतो, मग पॅन्टची लांबी घ्या."

मी चौतीस लिहिलं. हिने एवढ्यावर सोडलं नसतं.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दहा महिने झाले. माप घेणं तिचं, कात्री माझी, आणि पॅन्टची मागची शिवण शेवटी तीच घालायची. गिऱ्हाईक म्हणेल त्या मापाला "बरं बरं" म्हणायची आणि गुपचूप आत कापड सोडायची. मग त्या घडीवर अंगठा दाबून पुटपुटायची, "देवा, वाढव नाहीतर घटव, जागा ठेवलीय."

मी चिडायचो. "देवाला दुसरी कामं नाहीत का, लोकांच्या पोटाकडे बघत बसायला?"

"अहो, पोटं त्यानंच दिलीत ना? मग बघू दे की."

ती गेल्यापासून मी मापाबरहुकूम कापतो. आत काही सोडत नाही. जागा ठेवायची तरी कुणासाठी?

कॅशियर फेऱ्या मारायला गेले आणि माझा मुलगा आला. याला ऑफिसात लोकांना टार्गेट वाटण्याचा पगार मिळतो. बगलेत गुंडाळलेला तक्ता. चालणं मात्र विचित्र, पाय गुडघ्यात वाकतच नव्हते.

"बस," मी म्हणालो.

"नको, उभाच बरा आहे. बाबा, पॅन्ट ओळखली का? गेल्या जानेवारीत तुम्ही शिवलेली. दोन इंच कमी मापाची. वर्षभराचं टार्गेट होतं माझं. आज बसली!"

"कुठे बसली? तुला तरी बसता येतंय का?"

त्याने ते ऐकलं नाही. तक्ता टेबलावर पसरला. महिनाभर तो मागे लागला होता, तुम्ही धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, दुकानाला कुलूप लावा आणि आमच्याकडे या. मला जायचं नव्हतं. इथे हिची खुर्ची आहे, खिडकीजवळची. शेवटी त्याने हा तह काढला होता: जानेवारीत वीस दिवस सगळे रकाने भरले तर दुकान चालू, नाहीतर महिनाअखेर कुलूप. खाली माझ्या सहीला जागा.

मी वाचायला लागलो. "पाच हजार पावलं. दोन वेळचं जेवण. रोज एक नवी ओळख... अरे, महिन्यात एकतीस माणसं! एवढ्यांना चहा कोण पाजणार?"

"बाबा, सीरियसली घ्या."

"आणि हे काय? हसणे, पाच मिनिटं?"

"रोज."

"मोजणार कोण?"

"तुम्हीच. प्रामाणिकपणे."

शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं. 'आईचे कपडे देऊन टाकणे, मार्चपर्यंत.' मी पेन उचललं. सही केली नाही तर कुलूप आत्ताच लागणार होतं.

"थांबा, आधी लावतो भिंतीवर, सही समोर दिसू दे," म्हणत तो तक्ता घेऊन स्टुलावर चढला. एक पाय चढवला, दुसरा चढवला, हात वर केले.

चर्रर्र!

आवाज असा आला की कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं. मुलगा भिंतीला चिकटून तसाच उभा, दोन्ही हातांनी तक्ता धरलेला. सोडला तर ध्येयं पडणार, धरला तर अब्रू जाणार.

"बाबा, किती फाटलं?"

"अरे, पूर्ण वर्ष उसवलं!"

मला हसू फुटलं. दहा महिन्यांचं साठलेलं असावं, कारण थांबेचना. खुर्चीला धरून हसलो, मशीनवर डोकं ठेवून हसलो. आधी तो चिडला, मग तोही सुरू. अस्तराचं जांभळं कापड कमरेला गुंडाळून स्टुलावर बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "आजचा हसण्याचा रकाना भरा."

"आठवड्याचा भर!"

पॅन्ट उलटी केली. कापड शाबूत होतं, दोराच तुटला होता. आत बघितलं आणि माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. दोन्ही बाजूंना बोटभर कापड दुमडलेलं, बारीक हातटाक्यांनी बसवलेलं.

"हे मी कापून टाकायला सांगितलं होतं," मी म्हणालो. "तीही हो, कापते म्हणाली."

मुलाने घडीवर बोट फिरवलं. "म्हणजे मी बारीक होणार नाही, हे आईला माहीत होतं."

"तिला काही माहीत नव्हतं रे. दोन महिन्यांत आपणच नसू, हे तरी कुठे माहीत होतं? म्हणूनच जागा ठेवायची. वाढलास तरी तुझी, घटलास तरी तुझी. पुढचं देवावर."

त्याने ती घडी पुन्हा नीट दुमडली. मग म्हणाला, "माझी अकरा ध्येयं होती गेल्या वर्षी. ही पॅन्ट सोडून एकही झालं नाही. आणि आता हीपण गेली. दर रविवारी तुमच्याकडे यायचं, हेसुद्धा होतं त्यात."

"मग लिहू नकोस. नुसता ये."

"आणि तुम्ही? जेवण, माणसं?"

"काही दिवस होईल, काही दिवस नाही होणार. सही कशी करू? तुझ्या आईचे कपडे कधी निघतील कपाटातून, ते मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याच्यावर सोडू या का?"

त्याने स्टुलावर चढून तक्ता काढला. एका हाताने जांभळं अस्तर धरून. मग तो उलटा करून टेबलावर पसरला. मागची बाजू कोरी होती.

"कागद चांगला जाड आहे," मी म्हणालो. "कापडावर ठेवायचे खाके कापायला होईल."

"कापा," तो म्हणाला. "कुलपाचं विसरा आता."

मी दोन्ही बाजूंचं कापड सोडवलं, थोडं आत ठेवून शिवण नव्याने घातली. शेवटी अंगठा आपोआप घडीवर गेला. म्हणावं की नाही, असं झालं क्षणभर. मग म्हणालो, मोठ्यानेच. "देवा, वाढव नाहीतर घटव, जागा ठेवलीय." मुलाने पॅन्ट चढवली आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीत बसला. हिच्याच.

तेवढ्यात कॅशियर धापा टाकत दारात. "दीडच फेरी झाली," म्हणाले, "पण मनातून चार!" आणि लगेच पोट आत ओढून उभे राहिले.

मी टेप घेतली. "साहेब, श्वास सोडा."

"पण..."

"सोडा हो. काही होत नाही."

त्यांनी सोडला. टेप माझ्या बोटांतून सरकत गेली.

"एकोणचाळीस," मी म्हणालो. मुलाने तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.

"आत दोन इंच लिही," मी म्हणालो.