माझ्या पोटातली खाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी फ्लॉपी आहे. वर पत्र्याची सरकती झडप, आत काळी चुंबकी चकती. १९९६ साली मी कोपरीतल्या दौलत सरांच्या कॉम्प्युटर क्लासात आले. तिथे एका परदेशी कंपनीचा बोटींच्या शर्यतीचा खेळ चार फ्लॉप्यांवर होता. त्यांच्यावर रंगीत चित्रे होती. मी कोरी होते.

कलावती या विद्यार्थिनीने माझ्यात ठाण्याची खाडी भरली. मूळ खेळ कंपनीचाच. त्याच्याशिवाय माझी बोट वीतभरही हलली नसती. पण कंपनीच्या समुद्रात पाणी कायम सारखेच असायचे. कलावतीचे वडील गुणाजी खाडीत मासेमारी करत. त्यांच्याकडून तिने भरती-सुकतीची, म्हणजे भरती-ओहोटीची, गणिते शिकून घेतली आणि प्रोग्राम लिहिला. तारखेवरून तिथी, तिथी आणि वेळेवरून पाण्याची उंची.

क्लासच्या प्रदर्शनात तिला ही खाडी वडिलांना दाखवायची होती. पौर्णिमेला दुपारी बारा वाजता सरांनी चाचणी घेतली. बोट झकास धावली.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण प्रदर्शनात अडकली, तर लगेच कंपनीचा खेळ लावायचा."

आठ दिवसांनी प्रदर्शन होते, वेळ तीच. गुणाजी पहिल्या रांगेत बसले. बोट निघाली आणि मधोमध थांबली.

"हँग झाला!" मागून कोणीतरी ओरडले. "घरगुती माल!"

"कलावती, काढ ती फ्लॉपी," सर म्हणाले.

तिचा हात माझ्यापर्यंत आला.

"थांब गो बाय," गुणाजी उठले. "आज आठम ना? बारा वाजता सुकतीच असनार. बोट चिखलात बसली, बिघडली नाय."

कलावतीने कपाळाला हात लावला. कोळ्याची मुलगी असून तिने आजची तिथी, अष्टमी, पाहिलीच नव्हती!

"बाबा, आता बोट तुम्हीच बाहेर काढा."

गुणाजींनी बाणांची बटणे जपून दाबली. बोट मागे आली, वळणाच्या बाहेरच्या काठाने खोल पाण्यात शिरली आणि पुलाखालून पार झाली.

"हा गेम कधीपासून खेळताय?" सरांनी थक्क होऊन विचारले.

"चाळीस वरसं झाली."

सगळे हसले. सरांनी माझ्या कोऱ्या चिठ्ठीवर कलावतीचे नाव लिहिले आणि मला कंपनीच्या खोक्यात पाचवी म्हणून ठेवले.

त्या चौघींसारख्या हजारो निघाल्या असतील. मी एकच आहे. मित्रांनो, मला ओलीपासून आणि लोहचुंबकापासून जपा, जमल्यास माझी एक नक्कल करून ठेवा. आणि मला चालवाल, तेव्हा आधी तिथी बघा.