तीन पायांची हरिणी

मामाचं म्हणणं, मी मचाणावर नियमांचं अख्खं पुस्तक घेऊन चढते. रायफल घेऊन चढले असते तर ते काम सोमवारीच उरकलं असतं.

काम एवढंच होतं: दुधाच्या टँकरची धडक बसलेली एक हरिणी आमच्या शिवारात तीन पायांवर फिरत होती. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली नुसता लोंबत होता. गावाच्या शिकारीचा ठेका क्विरिनमामाकडे, म्हणजे गोळी घालून तिला हालांतून सोडवायची जबाबदारीही त्याचीच. पण त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, शिडी चढायला डॉक्टरांनी मनाई केलेली. मी वसंतात शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झाले होते आणि कागदी निशाण्यांपलीकडे काही मारलं नव्हतं. मामा म्हणाला, "बुर्गी, तू कर. उगाच हाल नकोत जनावराचे."

तेव्हापासून रोज पहाटे मी मक्याच्या शेताशेजारच्या मचाणावर बसत होते. पहिल्या दिवशी वारा माझ्या पाठीकडून सुटला आणि माझा वास घेऊन सरळ कुरणात गेला. मग मशरूम वेचणारं एक जोडपं आलं, कुत्र्यासकट. त्यानंतर हरिणी आली खरी, पण उंचवट्यावर उभी राहिली, मागे नुसतं आकाश. गोळी आरपार गेली तर मातीत रुतली पाहिजे, आकाशात सुटलेली गोळी कुठे पडेल याचा भरवसा नाही. मी रायफलचा सुरक्षा-खटका पुन्हा बंद केला.

"आकाश होतं म्हणून?" मामानं कॉफीत ब्रेट्झेलचा खारा पाव बुडवत विचारलं.

"तूच शिकवलंस."

"शिकवलं गं बाई. माझी चूक झाली."

गावात तर चर्चेला ऊतच आला होता. ज्याला त्याला हरिणी दिसत होती, मला सोडून. कुणी चर्चमागे पाहिली, कुणी बेकरीच्या अंगणात. सेन्झीकाकू रोज सकाळी काठ्या टेकत फेरी मारतात, त्या मला रस्त्यात अडवून म्हणाल्या, "काल माझ्या कोबीत होती. तुझ्यासाठी बांधून ठेवू का?"

शुक्रवारी ती अखेर नीट दिसली. ऐंशी मीटरवर, बाजू माझ्याकडे, मागे चढाची माती. मी खटका काढला आणि शिकवल्याप्रमाणे एकदा तिच्या मागच्या पायांमध्ये पाहिलं. कास भरलेली होती. म्हणजे जवळपास कुठेतरी पाडस होतं, आणि तेवढ्यात ते मक्यातून बाहेर आलंच. उड्या मारत, टवटवीत, चारही पाय शाबूत. ते आईला असं बिलगलं की एका गोळीत दोघं गेली असती. वेगळं होईल म्हणून वाट पाहत राहिले, तर दोघं तशीच मक्यात परतली.

घरी येऊन मी मामाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आधी पाडस."

"त्याला काय झालंय? ठणठणीत आहे ते."

"आई गेल्यावर हिवाळ्यात काय होईल त्याचं? दुसरी हरिणी त्याला जवळ उभं करत नाही. कुढत मरेल. सप्टेंबर आहे, कायद्यानंही चालतं. पाडस पडलं की आई थोडी पळते, थांबते, आणि परत येते. तेव्हा तिला."

तर्कात मला चूक सापडली नाही. मी रात्रभर शोधत होते.

शनिवारी दोघं आली. पाडस थोडं पुढे चरत होतं. मी चाप ओढला. ते जागच्या जागी बसल्यासारखं कोसळलं, पुन्हा हललं नाही. हरिणी तीन पायांवर मक्याच्या कडेपर्यंत धावली. मी दुसरी गोळी चढवली. ती थांबली, मान वळवली आणि परत यायला लागली. मामा म्हणाला होता अगदी तसंच. प्रत्येक पावलाला डोकं खाली जाऊन वर येत होतं. पाडसापाशी येऊन तिनं नाक खाली नेलं. बाजू माझ्याकडे, मागे माती. रायफलवरच्या दुर्बिणीतली नेमाची फुली तिच्या खांद्यामागे स्थिर झाली.

आणि मातीच्या वरच्या पायवाटेवर लाल जॅकेट उगवलं.

"बुर्गी!" सेन्झीकाकूंनी एक काठी हवेत हलवली. "मिळाली का गं?"

मी नळी बाजूला घेतली. हरिणी एकदा खोकल्यासारखी भुंकली आणि मक्यात गेली.

मी खाली उतरेपर्यंत काकू पाडसापाशी पोचल्या होत्या. "अगं, हे तर धडधाकट आहे!"

"हो."

"मग लंगडी कुठंय?"

"आत्ता तुमच्या समोर होती, काकू. तुम्ही नळीच्या रेषेत उभ्या होतात!"

"मला काय माहीत? आवाज ऐकला, म्हटलं पोरीला मदत लागेल." मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. "दूध देऊ थोडं? थर्मास आहे."

मामा गाडी घेऊन आला. त्यानं काही विचारलं नाही. कुबडीवर रेलून स्प्रूसच्या झाडाच्या दोन डहाळ्या मोडल्या, एक पाडसाच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. दुसरी जखमेला टेकवून टोपीवर ठेवली आणि टोपी माझ्यापुढे धरली. पहिल्या शिकारीला ही डहाळी घ्यायचीच असते.

"शिकार फळली, बुर्गी."

"मला नको."

"पाडसाचा मान आहे तो. घे."

मी घेतली. डहाळीवरचं रक्त अजून ओलं होतं.

दुपारपर्यंत बेकरीत सगळ्यांना कळलं होतं. बेकरीवाला पाव कागदात गुंडाळत म्हणाला, "चार पायांचं पाडलंस नि तीन पायांचं सोडलंस? विज्ञानाची पदवी ना तुझी?" मागे कुणीतरी हसलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगायला फार वेळ लागला असता.

संध्याकाळी मामानं खिशातून लाकडी शिट्टी काढून दिली. पाडसाची हाक काढणारी. "उद्या ती शोधत येईल. नाही आली तर ही फुंक. येईलच." शिट्टी हातात देताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी धुकं होतं. मचाणाची शेवटची पायरी मला हातानं चाचपावी लागली. उजाडलं तरी फरक एवढाच, की काळ्याचं पांढरं झालं. कुरण नाही, मका नाही. आवाज मात्र होता. बारीक, ओढलेला, थोड्या थोड्या वेळानं. हरिणी पाडसाला बोलावत होती. आवाज डावीकडे जायचा, परत काल पाडस पडलं त्या जागी यायचा. आवाजावर गोळी झाडत नाहीत. मी बसून राहिले. धुकं विरळ होईल, मग दिसेल. धुकं विरळ होईना. हाक हळूहळू लांब जायला लागली, जंगलाच्या दिशेनं. आज गेली तर उद्या पुन्हा हेच, परवा पुन्हा हेच, आणि तिचा पाय तसाच.

मी शिट्टी फुंकली.

हाक थांबली. मग गवतात पावलं ऐकू आली, भरभर, तीनच्या ठेक्यात. सरळ माझ्याकडे. मी रायफल खांद्याला लावली, पण समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. पावलं जवळ आली, आणखी जवळ आली, आणि मचाणाच्या खाली थांबली.

पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून मला तिची पाठ दिसली, दवानं काळी पडलेली. नळी तिथपर्यंत वाकवता येत नव्हती, मधे कठडा होता. ती शिडीचा वास घेत होती. मग तिनं मान वर केली आणि मला नाही, आवाज आला त्या जागेला हाक मारली.

शिट्टी अजून माझ्या ओठांत होती. मी श्वास रोखून धरला. सोडला असता तर ती पुन्हा वाजली असती.